गावचा खाद्य-वाईन मेळा: फ्लेक्स सगळ्यात शेवटी छापा

डिसेंबर उजाडला की द्राक्षपट्ट्यातल्या कुणा ना कुणा ओळखीच्याचा फोन येतो. "आमच्याही गावात यंदा खाद्य आणि वाईन मेळा भरवतोय. फ्लेक्स टाकलाय छापायला. आता परवान्याचं काय असतं ते सांगा." फ्लेक्स आधी आणि परवाना नंतर! मेळ्याचे निम्मे घोळ या उलट्या क्रमातून होतात. आमच्या गावानेही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. त्यामुळे खाली लिहिलेल्या बऱ्याच चुका मी ऐकलेल्या नाहीत, केलेल्या आहेत.

डोळ्यांपुढे धरलंय ते दिंडोरी-निफाडकडचं दोन-तीन हजार वस्तीचं गाव. एका दिवसाचा मेळा, आठशे ते हजार पाहुणे, बारा-पंधरा खाद्य स्टॉल आणि एक किंवा दोन वायनरी. याहून मोठं पहिल्या वर्षी करू नका.

## टप्पा १: तारीख (सहा महिने आधी)

वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत चालते, म्हणून सगळ्यांना फेब्रुवारीचा शेवट हवा असतो. पण तेव्हाच खायच्या द्राक्षांचा माल निघतो. गावातली अर्धी माणसं बागेत, उरलेली पॅकहाऊसवर. स्टॉलवर बसायला माणूस मिळत नाही. शिवाय दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस असतात, आणि स्पीकर लावला की पहिली तक्रार आपल्याच आळीतून येते. माझ्या मते फेब्रुवारीचा पहिला रविवार सगळ्यात सोयीचा.

कॅलेंडर घेऊन एवढं बघा:

- त्या दिवशी एकादशी किंवा चतुर्थी आहे का? उपासाच्या दिवशी मटणाच्या स्टॉलने काय करायचं?
- ड्राय डे आहे का? निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास मद्यविक्री बंद असते. जिल्हा परिषद, पंचायत समितीच्या निवडणुकांच्या तारखाही डोळ्यांखाली असू द्या.
- पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तीनाथांची यात्रा असते. त्या सुमारास दिंड्या रस्त्यावर असतात. दिंडीच्या वाटेवर वाईनचा मांडव घालू नका, हे वेगळं सांगायला नको.
- शेजारच्या गावाचा आठवडे बाजार त्याच दिवशी आहे का?

एक तारीख पक्की आणि एक राखीव, अशा दोन तारखा काढून मगच उठा.

## टप्पा २: ग्रामसभा

"सरपंचांनी होकार दिलाय" म्हणजे गावाने दिला, असं धरू नका. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते आठवा. तो वाद आपल्या पारावर मेळ्याच्या आदल्या रात्री नको असेल, तर १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्या आणि ठराव लिहून घ्या. दिंडोरी, कळवण, पेठ, सुरगाणा या भागातली बरीच गावं पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा कायदा) क्षेत्रात येतात. १९९६ च्या या कायद्याने मादक पदार्थांची विक्री रोखायचा किंवा तिच्यावर बंधनं घालायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तिथे ठरावाशिवाय पाऊलही टाकू नका.

वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. तिथले वाचक असतील तर त्यांनी वाईन वगळून फक्त खाद्य मेळा करावा. तोही चांगलाच होतो.

आमच्या ग्रामसभेत एक म्हातारी आक्का उठल्या. वाईन चांगली की वाईट यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "सांजच्याला सात वाजता ही पाव्हणी मंडळी आमच्या वस्तीवरून जाणार. तेव्हा पोरी क्लासहून येत्यात. मग?" कुणाकडे उत्तर नव्हतं. त्या एका प्रश्नातून आमचे तीन नियम झाले: वाईनचं टेबल साडेपाचला बंद, मेळा साडेसहाला बंद, आणि गाड्यांची वाट वस्तीच्या बाहेरून. पुढे पोलीस ठाण्यात अर्ज दिला तेव्हा हेच तीन मुद्दे उपयोगी पडले.

सावधान: "वाईन म्हणजे दारू नव्हे" या वादात ग्रामसभेत शिरू नका. परवान्याच्या दृष्टीने ती मद्यच आहे.

## टप्पा ३: वाईनचा परवाना (किमान दीड महिना आधी)

राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना लागतो. तो ठरावीक जागेसाठी आणि ठरावीक दिवसापुरता असतो. त्यामुळे जागेचा नकाशा, जागामालकाची संमती, ग्रामसभेचा ठराव आणि पोलिसांकडे दिलेल्या अर्जाची पोच आधी हातात ठेवा. जिल्ह्याच्या अधीक्षक कार्यालयात स्वतः जाऊन कागदांची यादी लिहून आणा. गेल्या वर्षी दुसऱ्या गावाने काय दिलं होतं, त्यावर विसंबू नका.

इथे हमखास होणाऱ्या चुका:

परवाना कुणाच्या नावावर? वायनरीवाल्यांना वाटतं मेळा भरवणारं मंडळ काढेल, मंडळाला वाटतं वायनरी काढेल. पहिल्याच बैठकीत हे कागदावर घ्या.

पिणाऱ्याचा परवाना. महाराष्ट्रात मद्य पिणाऱ्यालाही परवाना लागतो, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. मेळ्याच्या ठिकाणी त्याची सोय कशी करायची, हे त्याच फेरीत विचारून घ्या.

घरची वाईन, मोहाची. कुणीतरी नाना हौसेने बरणीत केलेली द्राक्षाची वाईन घेऊन येतात, कुणी "आपली पारंपरिक" म्हणून मोहाची बाटली आणतो. दोन्ही टेबलावर येता कामा नयेत. विनापरवाना मद्य सापडलं तर सगळा मेळा गोत्यात येतो. मोहाच्या फुलांचे लाडू मात्र जरूर ठेवा.

उरलेल्या बाटल्या. परवाना रविवारचा असेल तर सोमवारी त्यातली एकही बाटली विकता येत नाही. उरलेला माल कसा परत जाणार, ते वायनरीशी आधीच ठरवा. खरेदीची बिलं जागेवर फाईलमध्ये ठेवा.

तपासा: परवान्याचा अर्ज दाखल झाला, पोच मिळाली. ती मिळाल्याशिवाय टप्पा ४ वर एक रुपयाही खर्च करायचा नाही.

## टप्पा ४: पदार्थ निवडणं

लोक वाईनच्या नावाने येतात आणि जेवणासाठी थांबतात. तरी मंडळाच्या बैठकांत तीन तास वाईनवर जातात आणि खाण्याचं काय, तर "बचत गटाच्या ताया बघतील."

पहिला नियम: एका स्टॉलला दोनच पदार्थ, आणि एक पदार्थ एकाच स्टॉलवर. हा नियम मोडला की पंधरापैकी नऊ स्टॉलवर मिसळ दिसते. दुसरा नियम: मंचुरियन, पावभाजी, नूडल्स नको. नाशिकहून पन्नास किलोमीटर गाडी हाणत आलेला माणूस ते खायला आलेला नसतो. त्याला डुबुकवड्यांचा रस्सा, उडदाची आमटी आणि नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, पातोडी, खापरावरचे मांडे, हुरडा हवा असतो. आपल्याला हे रोजचं वाटतं, म्हणून मांडायची लाज वाटते. ती लाज सोडा.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि इथेच दरवर्षी फसगत होते. एका चुलीवर एक बाई तासाला पंचवीस-तीस भाकऱ्या टाकते, त्याहून जास्त नाही. किलोभर पिठाच्या दहा-बारा भाकऱ्या होतात. खरी गर्दी बारा ते तीन. म्हणजे एक चूल त्या वेळात नव्वद भाकऱ्यांच्या पलीकडे जात नाही. चारशे भाकऱ्या लागणार असतील तर पाच चुली हव्यात, आणि दर दीड तासाने बसणारी बाई बदलायला हवी. पहिल्या वर्षी आम्ही दोन चुली मांडल्या. पाऊण वाजता पिठल्याचं पातेलं भरलेलं, समोर साठ माणसांची रांग आणि भाकरी एकेक करून येतेय. धुराने डोळे लाल झालेल्या एका वहिनींनी शेवटी काथवट बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "आता तुमच्या मंडळाने थापाव्यात." त्यांचं काय चुकलं?

ताट छोटं ठेवा. पोटभर ताट दिलं की माणूस एका स्टॉलवरच संपतो. अर्धी भाकरी आणि द्रोणभर रस्सा असा घास दिला, तर तोच माणूस पाच ठिकाणी खातो आणि पाच घरांत पैसे जातात.

स्टॉलवाल्यांची कागदपत्रं: प्रत्येकाची अन्न सुरक्षा नोंदणी हवी. १४ अंकी क्रमांक मिळतो, तो स्टॉलवर दिसेल असा लावायचा. हे काम सीएससी केंद्रावर (ऑनलाईन सरकारी कामं करून देणाऱ्या सेवा केंद्रावर) एकाच दिवशी सगळ्यांना बसवून उरका, एकेकाला सांगत बसलात तर मेळ्याच्या सकाळपर्यंत पुरं होणार नाही.

चव-दिवस घ्या. मेळ्याच्या तीन आठवडे आधी सगळ्या स्टॉलनी आपापले पदार्थ शाळेच्या व्हरांड्यात करून आणायचे. तिखट, मीठ, ताटाचं माप आणि दर तिथेच ठरतो. तिखटाबद्दल टप्पा ७ वाचून मगच हा दिवस ठेवा.

## टप्पा ५: मैदान, पाणी, वीज

शाळेचं मैदान आणि देवळाचं आवार सोडा. सोंगणी झालेलं रान किंवा खळ्याची जागा बघा.

पाणी: हजार माणसांना पिण्यासाठी तीन हजार लिटर आणि हात धुणं, भांडी यांना निदान तेवढंच. पिण्याची टाकी वेगळी, तिला तोटी आणि झाकण. पिंपात ग्लास बुचकळून पाणी घेणं बंद. हात धुवायला साबण आणि तोट्या जेवणाच्या जागेपासून वीस पावलांत हव्यात.

वीज: महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्या. आकडा टाकून काम भागवणाऱ्यांशी वाद घालायची माझी आता ताकद नाही. एवढंच सांगतो, ओल्या रानात, लोखंडी मांडवात आकडा टाकू नका. अर्थिंग आणि ट्रिप होणारा ब्रेकर वायरमनकडून बसवून घ्या. फ्रीझर आणि स्पीकर वेगळ्या लाईनवर. जनरेटर भाड्याने आणणार असाल तर आदल्या दिवशी तासभर चालवून बघा.

आग: चुली एका रांगेत, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, मांडवाबाहेर. गॅस वापरणाऱ्यांनी १९ किलोचा व्यावसायिक सिलेंडर आणायचा, घरचा लाल सिलेंडर चालत नाही. दर दोन स्टॉलमागे वाळूची बादली.

गाड्या: पार्किंगच्या रानात सकाळीच पाणी मारा, नाहीतर फुफाटा उडून थेट मांड्यांवर बसतो. ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळून ठेवा. (आमच्या एका अण्णांच्या तीन लॅटरल गेल्या. ते अजून बोलून दाखवतात.)

संडास: बायकांचे वेगळे, पुरुषांपेक्षा जास्त, आतून कडी लागणारे. दर तासाला बघणारी व्यक्ती नावानिशी ठरवा.

## टप्पा ६: कूपन

प्रत्येक स्टॉलवर रोख आणि क्यूआर, अशी पद्धत कागदावर सोपी दिसते. पण हजार मोबाईल एका टॉवरवर आले की नेट मरतं आणि "पैसे गेले, आवाज नाही आला" यावर भांडणं होतात. प्रवेशाजवळ तीन खिडक्या ठेवून दहा, वीस आणि पन्नासची कूपनं विका. एका खिडकीवर फक्त रोख. तिथे कुणाच्या तरी घरचं वायफाय ओढून आणा.

कूपनावर अनुक्रमांक आणि ग्रामपंचायतीचा शिक्का हवा. नुसता रंगीत कागद ठेवला तर दुपारी तीनपर्यंत त्याच्या झेरॉक्स फिरायला लागतात. उरलेली कूपनं त्याच दिवशी साडेसहापर्यंत परत घ्यायची आणि तसं कूपनावरच छापायचं.

## टप्पा ७: वाईनचं टेबल

किती आणायची? ७५० मिलीच्या बाटलीत ५० मिलीचे पंधरा घोट निघतात. हजारातले तीनशे लोक चव घेणार आणि प्रत्येकी चार घोट, असं धरलं तर बाराशे घोट, म्हणजे ऐंशी बाटल्या. एका माणसाला चार कूपनांवर थांबवा. २०० मिली म्हणजे नेहमीच्या ग्लासापेक्षा थोडं जास्तच होतं. "अजून एक द्या ना" म्हणणाऱ्यांना नाही म्हणायला गावातला नातेवाईक बसवू नका. त्याला नाही म्हणता येत नाही.

वय. महाराष्ट्रात वाईनसाठी २१ वर्षं पूर्ण हवीत. ओळखपत्र प्रवेशालाच बघा आणि मनगटाला कागदी पट्टी बांधा. टेबलावर पट्टी दिसली तरच ओतायचं. मिशा बघून वय ठरवू नका.

थंड करणं. पांढरी आणि रोझे (गुलाबी) वाईन ८ ते १० अंशांवर द्यायची. घमेल्यात नुसता बर्फ घालून वर बाटल्या ठेवल्या तर तासाभरानेही त्या कोमटच राहतात, कारण बर्फाचे खडे काचेला जेमतेम टेकतात. अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर खडेमीठ, त्यात बाटली मानेपर्यंत बुडवली की वीस-पंचवीस मिनिटांत गार होते. लाल वाईन "रूम टेंपरेचरला" द्यायची असं सगळे ऐकून असतात. पण फेब्रुवारीच्या दुपारी मांडवात तीस अंशांच्या पुढे जातं. तेवढी तापलेली शिराज (लाल वाईनचा एक प्रकार) औषधासारखी लागते. तिलाही दहा-पंधरा मिनिटं त्याच घमेल्यात ठेवा आणि १६ ते १८ अंशांवर द्या.

तिखट. हिरव्या मिरचीच्या ठेच्यावर कॅबरने किंवा शिराज अशा लाल वाईनचा घोट घेतला की तोंडात आग होते. अल्कोहोल जळजळ वाढवतं आणि लाल वाईनचा तुरटपणा कडू होतो. पाहुण्याला वाटतं वाईन वाईट, वायनरीला वाटतं जेवण वाईट. तिखट रश्श्याजवळ किंचित गोडसर शेनँ ब्लाँ ही पांढरी वाईन ठेवा. भजी, पातोडी, कुरडया अशा तळणाजवळ बुडबुड्यांची स्पार्कलिंग. मटण कमी तिखट आणि खोबऱ्या-कांद्याच्या वाटणाचं असेल तर शिराज शोभते. मांड्यांबरोबर उशिरा काढलेल्या द्राक्षांची गोड वाईन देऊन बघा, यासाठी लोक पुन्हा येतात. ठेचा काढून टाका असं मी म्हणत नाही. तो वेगळ्या द्रोणात, मागेल त्याला द्या.

ग्लास. प्लास्टिकचे ग्लास आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. काचेचे ग्लास घ्या, शंभर रुपये अनामत ठेवा, परत दिला की पैसे परत. फुटले तरी नुकसान होत नाही.

बूच. आता बऱ्याच बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, पण सगळ्यांना नाही. आमच्याकडे एकच बूचकाढू होता आणि तो वायनरीच्या पोराच्या खिशात. पोरगा दीड वाजता मोटरसायकलवर बर्फ आणायला गेला. चाळीस मिनिटं टेबल बंद! पाच तरी ठेवा, दोरीने टेबलाच्या पायाला बांधून.

लहान मुलं आणि न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा ताजा रस त्याच रांगेत पण वेगळ्या टेबलावर ठेवा. रसासाठी बर्फ खाण्याचाच हवा. बाटल्या गार करायच्या घमेल्यातला बर्फ उचलून रसात टाकणारा महाभाग प्रत्येक गावात असतो.

## टप्पा ८: आता फ्लेक्स

परवाना हातात आला, स्टॉल ठरले, दर ठरले. आता छापा. महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे. त्यामुळे फ्लेक्सवर बाटली, भरलेला ग्लास, वायनरीचं ब्रँडनाव, "या आणि प्या" असला मजकूर नको. द्राक्षाचा घड, चूल, भाकरी आणि तारीख पुरे. छापण्यापूर्वी मजकूर उत्पादन शुल्क कार्यालयात दाखवा. आमचा पहिला फ्लेक्स ग्लासाच्या चित्रासकट सहा चौकांत लागला आणि दोन दिवसांत उतरवावा लागला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूचं आम्ही कांद्यावर पांघरूण केलं.

## टप्पा ९: मेळ्याचा दिवस

- सकाळी ६: पाण्याचे टँकर, पार्किंगच्या रानात पाणी.
- ८: चुली पेटल्या पाहिजेत. बर्फ आणि बाटल्या पोचल्या पाहिजेत.
- १०: फेरी. नोंदणी क्रमांक, वाळू, झाकणं, हातमोजे. शिजवलेलं गरम अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे, म्हणजे पातेल्याखाली विस्तव हवाच.
- ११: प्रवेश सुरू. वाईनचं टेबल साडेबारापर्यंत उघडायचं नाही. आधी पोटात काहीतरी जाऊ द्या.
- ३: सगळ्या स्टॉलवरचा उरलेला माल मोजा. जे संपलं त्याची पाटी प्रवेशाला लावा.
- ५:३०: वाईन बंद. या वेळेत पाच मिनिटंही वाढवून देऊ नका.
- ६:३०: स्पीकर बंद. कायद्याने रात्री १० पर्यंत मुभा असली तरी ग्रामसभेत दिलेला शब्द साडेसहाचा आहे.

गाडी चालवून परतणाऱ्यांसाठी: रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की मोटार वाहन कायद्याने गुन्हा होतो. गावातल्या दोन जीप दिवसभर एसटी स्टँडपर्यंत फिरत्या ठेवा. गाडीच्या चालकाला वेगळ्या रंगाची पट्टी बांधा आणि त्याला रस फुकट द्या. खर्च किरकोळ येतो.

## टप्पा १०: त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी

कूपनांचा हिशेब त्याच रात्री, सगळ्या स्टॉलवाल्यांसमोर, सतरंजीवर बसून करा. "उद्या बघू" म्हटलं की संशय सुरू होतो आणि पुढच्या वर्षी बचत गट येत नाही. मंडळाचा कट किती टक्के, ते टप्पा ४ मध्येच लिहून दिलेलं असावं.

वाईनच्या भरलेल्या, उघडलेल्या आणि रिकाम्या बाटल्या मोजून परवान्याच्या नोंदीशी ताळा घ्या. रिकाम्या बाटल्या पोत्यात भरून त्याच रात्री हलवा. सकाळी शाळेला जाणारी पोरं त्यांच्याशी खेळताना दिसली तर पुढच्या ग्रामसभेत तुम्हाला कुणी बोलू देणार नाही. पत्रावळी आणि उष्टं खड्ड्यात, काच वेगळी. तळणाचं उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी वापरायला कुणी घरी नेत नाही ना, ते बघा. एका डब्यात गोळा करून विल्हेवाट लावणाऱ्याकडे द्या.

सोमवारी दुपारी रानाच्या मालकासोबत एक चक्कर मारा. खुंट्यांचे खड्डे बुजवले का, काच राहिली का, बांध कुठे फुटला का. चालताना चप्पल काढून चाला, म्हणजे नीट बघाल.